दोन पिशव्यांचा गृहस्थ

सुपरमार्केट म्हणजे असे मोठे दुकान की जेथे ग्राहक कोणाकडे काही न मागता फळीवरचा माल स्वतःच्या हाताने उचलतो, तो ट्रॉलीत म्हणजे चाकांच्या जाळीदार गाडीत भरतो आणि बाहेर पडताना एकदाच पैसे चुकते करतो. स्वयंसेवेच्या या पद्धतीचे पहिले नावाजलेले दुकान क्लॅरेन्स सॉन्डर्स याने १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात उघडले, परंतु त्या काळी ग्राहकाच्या हाती परडी असे आणि परडी जड झाली की खरेदीही आटोपती होई. ही गोष्ट ओक्लाहोमा सिटीमधील सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराला खुपू लागल्याने त्याने घडीच्या खुर्चीच्या सांगाड्यावरून १९३७ साली ट्रॉली बनवून घेतली, आणि लोक ती ढकलावयास लाजतात असे दिसताच पगारी माणसे ठेवून त्यांच्याकरवी दुकानभर ट्रॉल्या फिरवल्या. तेव्हापासून आपण नेमका किती किलो माल घेतला याचा ग्राहकाला पत्ता लागेनासा झाला. मालाचे वजन ट्रॉलीतून मोटारीच्या डिकीत, डिकीतून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून स्वयंपाकघरात जाते, आणि या साऱ्या प्रवासात ते कोणाच्या मनगटाला फारसे जाणवत नाही. अपवाद एकाच ग्राहकाचा, आणि तो पुण्यात अजून आढळतो: महिन्याचा बाजार सायकलवरून आणणारा, हँडलाच्या दोन्ही टोकांना एकेक कापडी पिशवी लटकवून वाहनांच्या गर्दीतून संथपणे घराकडे निघालेला, दोन पिशव्यांचा गृहस्थ.

हा गृहस्थ बहुधा निवृत्त असतो, आणि निवृत्तीपूर्वी तो बँक, टपाल खाते, पाटबंधारे खाते किंवा माध्यमिक शाळा यांपैकी कोठे तरी अशा जागी बसलेला असतो की जेथे ताळेबंद जुळणे ही रोजची गोष्ट होती. त्याचे वास्तव्य कोथरूड, सहकारनगर किंवा सिंहगड रस्त्यावरील एखाद्या सोसायटीत असले, तरी ज्या पेठेतून तो तेथे राहावयास आला त्या पेठेचा पत्ता त्याच्या बोलण्यातून सुटलेला नसतो. सायकल काळी, दणकट, अठ्ठावीस इंची चाकांची, चेनकव्हरचा एक स्क्रू कायमचा सैल असलेली आणि म्हणून मालकाच्या आगमनाची वर्दी आधीच देणारी असते. तिच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबची कापून काढलेली लांब पट्टी गुंडाळलेली असते, आणि बाजारात मिळणाऱ्या रंगीत आकड्यांच्या इलॅस्टिक दोऱ्या त्या पट्टीपुढे कशा टिकत नाहीत, हे तो विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगू शकतो. मागच्या चाकाला कुलूप असतेच. शिवाय साखळीचे दुसरे कुलूप असते, ज्याची किंमत आज सायकलीला भंगारात येईल त्या किमतीच्या आसपास भरावी.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि या गृहस्थाच्या स्वभावाची घडण त्याच काळातली आहे. कारखान्याच्या पाळीला, कॉलेजला, कचेरीला आणि सिनेमाला माणसे सायकलीवरून जात. प्रत्येक चित्रपटगृहाला सायकल स्टँड असे, आणि तेथे चिठ्ठीचा अर्धा भाग हँडलाला व उरलेला अर्धा मालकाच्या खिशात जाई. महापालिका सायकलीवर कर घेऊन त्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत असे, तर रात्री बिनदिव्याने किंवा डबलसीट, म्हणजे मागे दुसरा माणूस बसवून, जाणाऱ्यास पोलीस अडवत असे. आता बिल्ला गेला, दिव्याबद्दल कोणी हटकत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कक्षेत साधी सायकल येत नसल्यामुळे तिला नोंदणी नाही, परवाना नाही, विमाही नाही. या स्वातंत्र्याचा या गृहस्थाला अभिमान आहे, परंतु आपल्याला हल्ली कोणी अडवतही नाही याची एक बारीकशी खंतही आहे. जुना बिल्ला त्याने कपाटात जपून ठेवला असून तो नातवंडांना दाखवला जातो, आणि नातवंडे तो पाहून पुन्हा मोबाइलकडे वळतात.

तो सायकलनेच का जातो, या प्रश्नाचे त्याचे स्वतःचे उत्तर पर्यावरण, प्रकृती आणि पार्किंग असे तीन पदरी आहे. अभ्यासकाला मात्र त्याच्या वर्तनात अर्धी तत्त्वनिष्ठा, अर्धी काटकसर आणि उरलेला अर्धा भाग हट्ट असल्याचे आढळते. ही बेरीज एकाहून जास्त होते हे खरे, पण हा गृहस्थही कोणत्याच चौकटीत पुरता मावत नाही. घरी मुलाने घेऊन दिलेली स्कूटर असते. ती तो लग्नकार्याला, इस्पितळात आणि पावसात वापरतो. किराणा आणावयास स्कूटर काढणे त्याला वाण्याकडे जाताना सूट घालण्याइतके अनावश्यक वाटते.

त्याच्या खरेदीचे मर्म ज्याला समतोल-खरेदी म्हणता येईल अशा एका तत्त्वात आहे. समतोल-खरेदी म्हणजे घरात काय संपले आहे याच्या जोडीला उजव्या आणि डाव्या पिशवीत काय मावेल हे पाहून केलेली खरेदी. हँडलाची टोके मधल्या दांड्यापासून दूर असल्यामुळे एका टोकाला दोन किलो जरी जास्त लटकले तरी पुढचे चाक त्या बाजूला ओढ घेते, आणि मग सिग्नल सुटल्यावर सरळ जाण्याची इच्छा असलेला माणूस शेजारच्या रिक्षाकडे झुकू लागतो. पिशवी लांब असली तर तिचा तळ आऱ्यांना लागतो, रुंद असली तर पायडल मारताना प्रत्येक फेरीला गुडघा तिच्यावर आपटतो, आणि त्या पिशवीत दह्याचा डबा असला तर घरी पोहोचेपर्यंत त्याचे ताक होण्याच्या मार्गावर असते. म्हणून पिशव्यांचे बंद गाठ मारून आखूड केलेले असतात, आणि त्या गाठी सोडण्याचा अधिकार घरात इतर कोणालाही नसतो.

त्याची यादीही या तत्त्वाने बनते. इतर गृहस्थांच्या याद्या पत्नीने सांगितलेल्या क्रमाने लिहिलेल्या असतात. याची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. सर्वांत वर गहू किंवा पीठ, खाली साखर, तांदूळ, तूरडाळ, तेल, कपडे धुण्याची पावडर, मग पोहे, रवा, चहा, आणि अगदी तळाशी, जेथे कागदाची घडी पडते तेथे, ज्यांना वजन म्हणण्याजोगे वजनच नाही असे जिन्नस. एक लिटर तेलाच्या पिशवीत सुमारे ९१० ग्रॅम तेल असते हे त्याला पाठ असल्यामुळे एक किलो साखरेच्या समोर तेलाची पिशवी टाकताना राहिलेला ९० ग्रॅमचा फरक तो १०० ग्रॅम मोहरीच्या पुडीने भरून काढतो, आणि त्यामुळे दुसऱ्या बाजूला गेलेल्या १० ग्रॅमांकडे उदार मनाने दुर्लक्ष करतो. पोह्यांविषयी त्याचे मत प्रतिकूल आहे, कारण ते जागा पुष्कळ घेतात आणि समतोलाच्या कामी काहीच येत नाहीत. नारळ त्याला प्रिय आहेत, कारण प्रत्येक नारळाचे वजन वेगळे असल्याने हाती तोलून नेमका हवा तो निवडता येतो. नारळ कानाशी हलवून पाणी ऐकणारे ग्राहक बरेच असतात; दोन्ही हातांत एकेक नारळ धरून डोळे मिटून उभा राहणारा हाच.

सुपरमार्केटच्या व्यवस्थापनाने आखलेल्या विक्रीयोजना या तत्त्वापुढे कोलमडतात. दोन घेतल्यास एक फुकट, ही योजना सामान्य ग्राहकास आनंद देते. या गृहस्थास ती कोड्यात टाकते, कारण तीन ही संख्या दोन पिशव्यांत विभागली जात नाही. फुकट मिळालेली तिसरी पावडर उजवीकडे टाकावी तर डावीकडे तेवढ्याच वजनाचे काही तरी विकत घ्यावे लागते, आणि फुकटच्या वस्तूपायी पैसे खर्च झाल्याचा सल त्याला पुढचा आठवडाभर राहतो. अशा वेळी तो फळीपुढे बराच वेळ उभा असतो. ट्रॉली मधे असल्यामुळे त्याच्यामागे कोंडी होते, आणि कोणी "काका, जरा पुढे घेता का?" असे म्हटल्यास तो ट्रॉली पुढे घेतो, पण प्रश्न तेथेच सोडून जात नाही. आपली ट्रॉलीही तो मधोमध एक काल्पनिक रेघ मारून डावी व उजवी अशी भरतो. सोबत आलेल्या पत्नीने चुकून बिस्किटांचा पुडा मधेच ठेवला, तर तो कोणत्या बाजूचा हे तिला सांगावे लागते, आणि म्हणूनच ती सोबत येणे लवकरच बंद करते.

वजनाची ही जाणीव त्याला अन्य ग्राहकांपेक्षा शहाणा करते, हे मान्य केले पाहिजे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीने एका पिढीला वेष्टनावरील छापील किंमत, निव्वळ वजन आणि बांधणीची तारीख वाचावयास शिकवले, आणि टिळक रस्त्यावरील ग्राहक पेठेत या गृहस्थाने तरुणपणी रांगा लावल्या आहेत. पाकीट तेवढेच ठेवून आतला माल पन्नास ग्रॅमनी कमी केल्याचे सर्वांत आधी लक्षात येते ते त्याच्या, कारण त्याची सायकल त्या दिवशी डावीकडे जाऊ लागते. ट्रॉलीवाला ग्राहक आठशे रुपयांची यादी घेऊन येतो आणि अडीच हजारांचा माल घेऊन जातो. हा गृहस्थ बाराशेची यादी घेऊन येतो आणि उरलेला माल पुढच्या गुरुवारवर टाकतो. गोल्डमनने ज्या मनगटाला झोपवले ते मनगट पुण्यात कोथरूडला अजून जागे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पिशव्यांमुळे उद्भवणारा पहिला संघर्ष दारातच होतो. बाहेरच्या पिशव्या आत नेऊ द्यावयाच्या नाहीत असा अनेक दुकानांचा दंडक असून त्या एका खिडकीपाशी जमा करून टोकन घ्यावे लागते. या गृहस्थाच्या पिशव्या रिकाम्या असतात, आणि रिकामी पिशवी ही वस्तू आहे की वस्तूचा अभाव, या विषयावर तो खिडकीतील मुलीशी थोडी चर्चा करतो. ती मुलगी दिवसभर उभी असते आणि तिला तत्त्वज्ञानात रस नसतो. शेवटी टोकन घेतले जाते. पुढे पैसे भरून झाल्यावर माल काउंटरवर, पिशव्या दाराशी आणि मागे रांग, अशी स्थिती येते. काउंटरवरची मुलगी नवी पिशवी विकत घेण्याचे सुचवते, आणि मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली त्याच्या कितीतरी आधीपासून आपण कापडी पिशवी वापरत आहोत हे तिला ऐकून घ्यावे लागते, जरी २०१८ मध्ये ती शाळेत असली तरी.

तथापि खरा संग्राम बाहेर, पार्किंगमध्ये असतो. येथे सायकलीच्या स्वभावातील एक गोष्ट समजावून घेणे अगत्याचे आहे. रिकामी सायकल स्टँडवर निमूट उभी राहते. परंतु हँडलाला पिशवी लटकताच पुढचे चाक वळते, वळलेले चाक सगळ्या सायकलीला ओढते, आणि बाजूचा एकच पाय टेकवून उभी केलेली सायकल मालासकट आडवी होते. मागचे चाक उचलून धरणारा जुना दुहेरी स्टँड असला तरी हँडल फिरावयाचे ते फिरतेच. पहिली पिशवी अडकवल्यापासून दुसरी अडकवेपर्यंतचे दहा-बारा सेकंद हा संपूर्ण प्रवासातील सर्वांत धोक्याचा काळ होय. या काळात सायकलीला टेकावयास भिंत लागते. झाड चालते, खांबही चालतो, पण खांबाशी पिशवी एकाच बाजूला लावता येते, म्हणून भिंत श्रेष्ठ. सुपरमार्केटच्या आवारात भिंती भरपूर असतात. मात्र एका भिंतीशी ट्रॉल्यांची रांग, दुसरीशी जनरेटर, तिसरीशी अग्निशामक साहित्य, आणि चौथीवर 'येथे वाहने लावू नयेत' अशी पाटी असते.

या चौथ्या भिंतीपाशी पहारेकरी उभा असतो. तो बहुधा लातूर, नांदेड किंवा बीडकडून आलेला तरुण असून त्याच्या गळ्यात शिट्टी असते, आणि त्याला दिलेल्या सूचनांत मोटारी तळघरात व स्कूटरी समोर लावून घेण्याचे स्पष्ट निर्देश असले तरी सायकलीचा उल्लेख नसतो. यातून पुढील स्वरूपाचा संवाद घडतो.

"काका, सायकल हितं नका लावू."

"मग कुठं लावू?"

"तिकडं लावा, गाड्यांच्या लायनीत."

"तिथं भिंत नाही."

"भिंत कशाला पाह्यजे काका, स्टँड हाय की सायकलला."

येथे गृहस्थ दोन पिशव्या, पुढचे चाक आणि दहा-बारा सेकंद यांविषयी पहारेकऱ्याला समजावून सांगतो. तो ऐकून घेतो. एवढे लक्षपूर्वक आपले बोलणे घरात कोणी ऐकत नसल्यामुळे गृहस्थ तेच पुन्हा एकदा, उदाहरणासहित, सांगतो. तोवर मागे एक मोठी मोटार येऊन हॉर्न वाजवू लागते, पहारेकरी शिट्टी वाजवीत तिकडे धावतो, आणि सायकल भिंतीशी लागलेली असते. पुढच्या आठवड्यात हाच संवाद त्याच शब्दांत पुन्हा होतो, कारण दोघांनाही आपापली बाजू सोडावयाची नसते आणि दोघांचेही त्यात फारसे काही बिघडत नाही.

ज्या गृहस्थाचा मुलगा नेदरलँड्समध्ये असतो त्याच्या बाबतीत हा संवाद अधिक लांबतो. आइंडहोव्हन किंवा ॲमस्टरडॅमच्या परिसरात नोकरी करणारी मराठी मुले आता बरीच आहेत, आणि त्यांचे आईवडील तीन महिन्यांच्या व्हिसावर तेथे जाऊन येतात. त्या देशात माणसांपेक्षा सायकलींची संख्या जास्त आहे, सुपरमार्केटच्या दाराशी सायकली लावण्याची सोय असते, आणि माल हँडलाला लटकवण्याऐवजी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या खोल पिशव्यांत, म्हणजे जमिनीच्या जवळ, ठेवला जात असल्याने तोल सहज राहतो. काही सायकलींना पुढे लाकडी पेटी असते व तीत मुलेबाळे आणि बटाटे एकत्र बसतात. इतर आईबाप तेथून ट्यूलिपची छायाचित्रे आणतात; हा गृहस्थ सुपरमार्केटबाहेरच्या सायकलींची आणतो, आणि ती पहारेकऱ्याला दाखवतो. पहारेकरी प्रत्येक छायाचित्र मनापासून पाहून "लई भारी" म्हणतो, आणि मग सायकल तिकडे लावायला सांगतो. मागच्या चाकाच्या पिशव्यांची एक जोडी मुलाने भेटही दिलेली असते. ती माळ्यावर आहे, कारण तिच्यात भरलेल्या मालाचे वजन हाताला कळत नाही.

कधीकधी हा गृहस्थ व्यवस्थापकापर्यंत जातो. सूचनांच्या वहीत तो दीड पान लिहितो, खाली सही करून निवृत्तीपूर्वीचे पदही नोंदवतो, आणि वृत्तपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात त्याच मजकुराची सुधारित आवृत्ती पाठवतो. अशा पाठपुराव्याने काही ठिकाणी सायकल स्टँड खरोखर येतोही. पण तो येतो तो लोखंडी सळयांच्या खोबणींचा, ज्यात केवळ पुढचे चाक अडकते आणि सायकलीला धक्का लागला की सारा भार त्या चाकावर येऊन रिंग वाकते. सायकलीची चौकट दोन ठिकाणी टेकेल असा, उलट्या इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा आणि इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या नावाने ओळखला जाणारा साधा नळीचा स्टँड त्याहून कितीतरी सोयीचा असतो, आणि त्याचा आराखडा गृहस्थाने वहीत मोजमापांसह काढून दिलेला असतो. खरेदी विभागाने मात्र खोबणींचा निवडलेला असतो, कारण तो दिसावयास सायकल स्टँड वाटतो. थोड्याच दिवसांत त्यावर सणाच्या सवलतींचा फलक बांधला जातो, मागे दोन स्कूटरी लागतात, आणि गृहस्थ पुन्हा भिंतीकडे वळतो. भिंतीविषयीचे त्याचे प्रेम आता अनुभवसिद्ध झालेले असते.

या गृहस्थाशी ज्याची गल्लत होते, परंतु होऊ नये, असा एक दुसरा प्रकार अलीकडे वाढला आहे. त्याला हेल्मेटधारी म्हणावे. त्याची सायकल गृहस्थाच्या तीन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून महाग असते, आणि वजन कमी राखण्यासाठी तिला कॅरिअर, मडगार्ड, घंटी किंवा स्टँड यांपैकी काहीही नसते. तो रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा बोपदेव घाटात जाऊन येतो, चढाची टक्केवारी आणि हृदयाचे ठोके मनगटावरील यंत्रात नोंदवतो, आणि संध्याकाळी घरापासून चारशे मीटरवरच्या सुपरमार्केटमध्ये मोटारीने जातो. क्वचित घाटातून परतताना तो सायकलसह सुपरमार्केटपाशी थांबलाच, तर ओटचे पाकीट आणि शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी एवढेच घेतो, आणि सायकल कोठेही टेकवण्यास धजत नसल्याने तिला आत नेता येईल का, असे विचारतो. गृहस्थ त्याच्याकडे कुतूहलाने पाहतो, त्याच्या सायकलीला कॅरिअर बसवून घेता येईल अशी जागा दाखवतो, आणि कसब्यातील एका कारागिराचा पत्ताही देतो. हेल्मेटधारी आभार मानतो. तो पत्ता आजवर कोणी वापरल्याचे ऐकिवात नाही.

तिसऱ्या प्रकारच्या सायकलस्वाराचे व्यक्तिचित्र सहसा कोणी लिहीत नाही, कारण त्याच्या सायकल चालवण्यामागे सांगण्यासारखे तत्त्व नसते. बांधकामावरचा मिस्त्री, चार घरची कामे उरकून येणारी बाई, रात्रपाळीचा कामगार हे सुपरमार्केटला सायकलने येतात ते बसला वेळ आणि रिक्षाला पैसे लागतात म्हणून. ते सायकल सांगितलेल्या जागी लावतात, पाच किलो पीठ कॅरिअरला आवळतात आणि निघून जातात. ते पत्र लिहीत नाहीत. जनरेटरच्या मागे, जेथे आवारातील सर्वांत उत्तम, सावलीतली आणि कोणाला न दिसणारी भिंत आहे, तेथे एक हिरवी सायकल नेहमी लागलेली असते, आणि ती खुद्द पहारेकऱ्याची आहे ही गोष्ट गृहस्थाच्या ध्यानात बऱ्याच उशिरा येते. पहारेकरी खोली घेऊन राहतो ते उपनगराच्या पलीकडे. पाळी संपल्यावर तो रोज चांदणी चौकाचा चढ याच सायकलने चढतो, आणि त्याविषयी आजवर त्याने कोणापाशी अवाक्षर काढलेले नसते. हा शोध लागल्याच्या दिवशी गृहस्थ काही बोलत नाही, जे त्याच्या बाबतीत अपूर्व म्हटले पाहिजे. त्यानंतर त्याची काळी सायकल हिरवीच्या शेजारी लागू लागते, नियमात बदल झाल्याची कोणतीही घोषणा न होता, पहारेकरी मात्र इतरांच्या देखत "काका, हितं नका लावू" हे पूर्वीप्रमाणेच म्हणतो, आणि गृहस्थ पूर्वीप्रमाणेच "मग कुठं लावू?" असे विचारून जनरेटरच्या मागे जातो. बदल्यात हिरव्या सायकलीच्या सैल ब्रेकची तपासणी विनामूल्य होते, आणि तिलाही ट्यूबची एक पट्टी मिळते.

घरपोच सेवा हे या जातीपुढील आजचे आव्हान मानले जाते. मोबाइलवर बोट ठेवले असता माल दहा-पंधरा मिनिटांत दारात येतो, आणि सून तो तसा मागवतेही. गृहस्थाचा या सेवेला विरोध नाही. दहा किलो गव्हाची गोणी तो सुपरमार्केटच्या घरपोच खात्याकडे सोपवतो, कारण दुसऱ्या बाजूला लटकवावयास तेवढ्याच वजनाची दुसरी गोणी घ्यावी लागली असती. मात्र गोणी घेऊन निघालेल्या मुलाला सोसायटीचा रस्ता नीट सापडेल की नाही याची शंका असल्याने तो स्वतः सायकलवरून त्याच्या पुढे निघतो, वळणावर हात दाखवतो, आणि मुलगा मोटारसायकलवर असल्यामुळे त्याला पहिल्या गियरमध्ये मागे मागे यावे लागते. दारात पोहोचल्यावर गृहस्थ त्याला पाणी देतो व दहा रुपये देतो, आणि सायकल घेतली असती तर पेट्रोल वाचले असते हेही सांगतो.

मग पिशव्या ओट्यावर रिकाम्या केल्या जातात. जड जिन्नस आधी निघतात, हलके नंतर, आणि पत्नी यादी हाती घेऊन कागदाची तळची घडी उलगडते.

"अहो, हिंग?"

हिंग यादीच्या अगदी तळाशी, घडीत लिहिलेला असतो. वेलदोडे, खसखस आणि जायफळ यांची गतही मागे अशीच झालेली असते, कारण ज्या वस्तूने कोणतीच बाजू जड होत नाही तिची या गृहस्थाच्या पद्धतीत आठवण राहण्याचे कारण नसते. हे विस्मरण खरे की पुन्हा सायकल काढण्याची सबब, याविषयी घरात दोन मते आहेत, आणि पत्नीचे मत दुसरे आहे. गृहस्थ यावर काही न बोलता चपला घालतो, किल्ली शोधतो, आणि पन्नास ग्रॅमची हिंगाची डबी आणावयासही दोन्ही पिशव्या बरोबर घेतो, कारण तेथे गेल्यावर काय स्वस्तात निघेल हे आधी सांगता येत नाही.